छप्पर शेवटी बघा: जुन्या स्पोर्ट्स गाडीचा बॉडी प्रकार ओळखायचा कसा

जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात २१ गन सॅल्यूट कॉन्कोर्स हे जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं आणि तेव्हापासून बडोद्यात जुन्या गाड्यांची चौकशी करणारे वाढले. कुणाच्या वाड्यात आजोबांची एमजी ताडपत्रीखाली उभी असते, कुणाला मुंबईहून जॅग्वार विकत घ्यायची असते. पहिला प्रश्न बहुतेकांचा एकच: "ओपन आहे ना?" आणि उत्तर दिलं जातं ते छपराकडे बघून. घोटाळा तिथेच होतो. कापडी हूड कुणीही शिवून देतो, फायबरचं हार्डटॉप दोघांनी उचलून बसवता येतं आणि लोखंडी छप्पर ग्राइंडर लावला की अर्ध्या दिवसात खाली येतं. गाडीचा जो भाग बदलायला सगळ्यात सोपा, त्यावर विसंबून गाडीचा प्रकार ठरवण्यात अर्थ नाही.

म्हणून पुढचा सगळा क्रम खालून वर जाणारा आहे. आधी चाकं, मग काच, दारं, मागचा भाग, खालचा पत्रा, नंबर, कागद. छप्पर अगदी शेवटी. ही खटपट करायची कारणंही रोकडी आहेत. एकाच मॉडेलची उघडी आणि बंद गाडी यांच्या किमतीत बरंच अंतर असतं, आणि बहुतेक मॉडेलांत उघडी महाग, त्यामुळे बंद गाडी कापून उघडी करायचा मोह जगभर अनेकांना झालेला आहे. दुसरं, काच, रबर, दाराच्या पट्ट्या, हुडाचा सांगाडा हे भाग प्रकारानुसार वेगळे असतात. चुकीचा प्रकार धरून परदेशातून काच मागवली तर पैसे, कस्टम ड्युटी आणि महिनाभराची वाट, तिन्ही पाण्यात. तिसरं कारण आरटीओचं. ते पुढे सविस्तर येईलच.

बरोबर काय न्यायचं

पाच मीटरची स्टीलची टेप, चांगला टॉर्च, हातात मावेल एवढा आरसा, मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद आणि वही. शक्य असेल तर जॅक आणि दोन भक्कम स्टँड. लोहचुंबक फडक्याशिवाय रंगावर टेकवायचं नाही, आणि मालकाला विचारल्याशिवाय जॅक लावायचा नाही. सकाळी दहाच्या आत जा. उन्हाळ्यात बडोद्याच्या दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही, आणि सकाळच्या तिरप्या उजेडात पत्र्यातली लहर जशी दिसते तशी डोक्यावरच्या उन्हात दिसत नाही.

नावांचा थोडक्यात खुलासा. रोडस्टर किंवा ओपन टू सीटर म्हणजे दोन जागा, हलकं हूड, आणि जुन्या गाड्यांत बऱ्याचदा काच वरखाली करायची सोयही नाही. ड्रॉपहेड कूपे उघडतं, पण त्याचं हूड जाड, अस्तर लावलेलं असतं, दारांत फिरवायच्या काचा असतात आणि आतली सजावट बंद गाडीसारखी असते. फिक्स्ड हेड कूपे म्हणजे कायमचं लोखंडी छप्पर. टू प्लस टू म्हणजे पुढे दोन मोठ्या जागा आणि मागे मुलांपुरत्या दोन. स्पीडस्टर, जीटी ही कंपन्यांनी आपापल्या मॉडेलांना दिलेली नावं. ती त्या गाडीजवळ आल्यावर बघू.

पहिली पायरी: मालिका ठरवा, मग टेप लावा

सगळ्यात चांगलं उदाहरण जॅग्वार ई-टाइपचं. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती आली तेव्हा दोनच प्रकार होते, ओपन टू सीटर आणि फिक्स्ड हेड कूपे. दोन्हींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ९६ इंच, म्हणजे २४३८ मिलिमीटर. १९६६ मध्ये टू प्लस टू आली; मागच्या जागांसाठी तिचा व्हीलबेस ९ इंचांनी वाढवून १०५ इंच केला, म्हणजे २६६७ मिलिमीटर. छप्पर उंचावलं, दारं लांबली.

इथपर्यंत सोपं आहे. पण १९७१ मध्ये बारा सिलिंडरची तिसरी मालिका आली आणि जॅग्वारने आखूड कूपे बंदच केलं. तिसऱ्या मालिकेत ओपन टू सीटर आणि टू प्लस टू एवढेच प्रकार आहेत आणि दोन्ही १०५ इंची. म्हणजे पहिल्या मालिकेच्या उघड्या गाडीचं माप २६६७ भरलं तर ती कापलेली टू प्लस टू असण्याची दाट शक्यता. तेच माप तिसऱ्या मालिकेच्या उघड्या गाडीचं भरलं तर सगळं ठीक. मालिका माहीत नसेल तर टेपेवरचा आकडा काहीच सांगत नाही.

मालिका पुढून ओळखता येते. पहिल्या मालिकेचं तोंड, म्हणजे नाकातली हवा आत घ्यायची फट, लहान, आणि १९६७ पर्यंत हेडलाइटवर काचेचं झाकण. दुसऱ्या मालिकेत, १९६८ पासून, झाकण नाही, तोंड मोठं आणि मागचे दिवे बंपरच्या खाली. तिसऱ्या मालिकेच्या तोंडात जाळी आहे आणि चाकांवरचे पत्रे बाहेर फुगलेले आहेत. बॉनेट उघडून इंजिन बघितलं की खात्री होते: ३७८१ सीसी किंवा ४२३५ सीसीचं सहा सिलिंडरचं, नाहीतर ५३४३ सीसीचं बारा सिलिंडरचं. मात्र इंजिन बदललेलं असू शकतं, तेव्हा ते एकटंच पुरावा म्हणून धरू नका.

माप घेताना स्टिअरिंग सरळ ठेवा. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप जमिनीला समांतर धरा. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही बाजूंनी मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. दोहोंत बोटभर फरक दिसला तर बॉडी प्रकाराचा विषय तात्पुरता बाजूला ठेवून अपघाताचा माग काढा.

इतर गाड्यांत टेपेचा उपयोग कमीजास्त होतो. मर्सिडीजची १९७१ ची एसएल आणि तिचं कूपे एसएलसी पुढून जुळ्या वाटतात, पण कूपेचा व्हीलबेस सुमारे ३६ सेंटिमीटर जास्त आहे. तिथे टेप एका झटक्यात निकाल देते. जॅग्वार एक्सके १२० चे तिन्ही प्रकार एकाच १०२ इंची चासीवर आहेत आणि एमजीबीची रोडस्टर आणि जीटी दोन्ही ९१ इंची, त्यामुळे तिथे टेप मुकीच राहते. पोर्शे ३५६ स्पीडस्टरच्या बाबतीत मात्र टेप जवळ हवीच. या गाडीच्या फायबर बॉडीच्या प्रतिकृती फोक्सवॅगन बीटलच्या चासीवर खूप बनल्या आहेत. खऱ्या ३५६ चा व्हीलबेस २१०० मिलिमीटर, बीटलचा २४००. काही जण बीटलची चासी कापून आखूड करतात, मग माप जुळतं. अशा वेळी आरसा धरून फरशीवर आडवा जोड शोधा आणि दारावर लोहचुंबक टेकवा. खऱ्या स्पीडस्टरची बॉडी पोलादी आहे.

दुसरी पायरी: पुढची काच आणि आरशाची दांडी

छप्पर कापणारा सहसा पुढच्या काचेला हात लावत नाही, कारण ते काम कटकटीचं आणि महागाचं. म्हणून खरं काय ते काच सांगून जाते.

एमजीबी रोडस्टर १९६२ ची. तिची काच स्वतंत्र ॲल्युमिनियमच्या चौकटीत बसवलेली असते आणि काचेच्या मधोमध, डॅशबोर्डपासून वरच्या पट्टीपर्यंत, एक उभी दांडी असते. आतला आरसा त्याच दांडीवर वरखाली सरकतो. १९६५ मध्ये आलेल्या एमजीबी जीटीत, जिच्या आकाराला पिनिनफारिनाचा हात लागला होता, काच उंच आहे आणि काचेचे खांब थेट छपरात जातात. तिथे दांडीचं काम नाही. आता गाडी उघडी आहे, पण काच उंच आहे, खांब पत्र्याचेच आहेत आणि दांडीही नाही, असं दिसलं तर ती गाडी जीटी म्हणून जन्मलेली आहे.

ई-टाइपचंही तसंच. ओपन टू सीटरच्या काचेला क्रोमची चौकट आणि मधे आरशाची दांडी. कूपेत आरसा छपराला. टू प्लस टूची काच याहून उंच, आणि दुसऱ्या मालिकेच्या टू प्लस टूत तर काचेचा खालचा काठ पुढे सरकवून ती जास्त तिरपी केलेली आहे.

पोर्शेचा स्पीडस्टर १९५४ चा. त्याची काच बुटकी, काढता येण्याजोगी, आणि दारांत फिरवायच्या काचाच नाहीत. पाऊस आला तर बाजूचे पडदे लावायचे. १९५८ च्या कन्व्हर्टिबल डीमध्ये काच उंच झाली आणि दारांत काचा आल्या. लांबून बघणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. दार उघडून काच फिरवायचं हँडल आहे का एवढं बघितलं की वाद मिटतो.

तिसरी पायरी: दारं

एक्सके १२० घ्या. ऑक्टोबर १९४८ मध्ये लंडनच्या मोटार प्रदर्शनात ती उघडी दोन आसनी म्हणून आली. १९५१ मध्ये फिक्स्ड हेड कूपे आणि १९५३ मध्ये ड्रॉपहेड कूपे आलं. ओपन टू सीटरच्या दाराला बाहेरून हँडलच नाही. हात आत घालून दोरी ओढायची. फिरवायच्या काचा नाहीत, आणि डॅशबोर्ड कातड्याने मढवलेला. कूपे आणि ड्रॉपहेडला बाहेर हँडल, आत फिरवायच्या काचा आणि अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. या तीन खुणा बघायला दोन मिनिटं लागतात. त्यातली एक एका प्रकाराची आणि दुसरी दुसऱ्या प्रकाराची निघाली, तर बॉडी, दारं किंवा डॅशबोर्ड यांपैकी काहीतरी नंतर आलंय. एक्सकेची चासी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली, त्यामुळे एका चासीवरून बॉडी उतरवून दुसरी चढवणं तिथे अशक्य कोटीतलं काम नव्हे.

इथे लोहचुंबकाची एक हमखास फसगत सांगायलाच हवी. एक्सके १२० च्या पहिल्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी ॲल्युमिनियमची होती आणि त्या फार मोलाच्या मानल्या जातात. १९५० मध्ये पोलादी बॉडी सुरू झाली, पण दारं, बॉनेट आणि डिकीचं झाकण तेव्हाही ॲल्युमिनियमचंच राहिलं. विकणारा लोहचुंबक दारावर लावून दाखवतो, ते चिकटत नाही, आणि घेणाऱ्याचे डोळे चमकतात. दारावर ते चिकटणारच नाही. मडगार्डवर लावून बघा. मर्सिडीज ३०० एसएल गलविंगमध्येही हाच प्रकार: दारं, बॉनेट, डिकी ॲल्युमिनियमची आणि बाकी बॉडी पोलादी. एकूण १४०० गलविंगांपैकी पूर्ण ॲल्युमिनियमच्या फक्त २९.

गलविंगचा उल्लेख आलाच आहे तर तिची दारं वर का उघडतात तेही सांगतो, कारण बॉडी प्रकार ही नुसती सजावट नसते हे तिच्याइतकं स्पष्ट कुठल्याच गाडीत दिसत नाही. १९५४ च्या या गाडीचा सांगाडा बारीक नळ्यांचा. नळ्यांची जाळी दोन्ही बाजूंनी इतकी उंच होती की नेहमीसारखं दार कापायला जागाच उरली नाही, म्हणून बिजागऱ्या छपरात गेल्या. आत शिरायला उंच उंबरा ओलांडावा लागतो, आणि त्यासाठी स्टिअरिंगचं चाक आडवं पाडायची सोय आहे. १९५७ मध्ये रोडस्टर काढायची ठरली तेव्हा छप्परच नाही म्हटल्यावर बिजागऱ्या लावायच्या कुठे? मग बाजूच्या नळ्या खाली घेऊन सांगाडाच बदलला आणि साधी दारं बसवली. हेडलाइटही उभट आकाराचे आले. १९६३ पर्यंत १८५८ रोडस्टर बनल्या. म्हणजे या मॉडेलात कूपे कापून अस्सल रोडस्टर करताच येत नाही. सांगाडाच वेगळा आहे. मॉडेल क्रमांकही वेगळे: गलविंग १९८.०४०, रोडस्टर १९८.०४२.

एमजीबीच्या दाराची एक छोटी खूण. सुरुवातीच्या रोडस्टरला ओढून उघडायचं हँडल होतं. १९६५ मध्ये त्याजागी बटणाचं आलं आणि जीटी त्यानंतर आली. ओढायच्या हँडलची जीटी दिसली तर दारं दुसऱ्या गाडीची आहेत.

चौथी पायरी: मागे जा

बहुतेक लोक गाडी पुढून बघतात, त्यामुळे कापाकापी करणाराही पुढेच जास्त मेहनत घेतो. मागे खुणा राहून जातात.

ई-टाइप कूपेला मागे काचेसकट एक मोठं दार आहे आणि ते वर न उघडता बाजूला उघडतं. आत सपाट सामानाची फरशी. ओपन टू सीटरला साधं डिकीचं झाकण. कूपेचं उघडं रूप करायचं तर नुसतं छप्पर कापून भागत नाही. मागच्या चाकांवरच्या पत्र्यापासून डिकीच्या तोंडापर्यंत सगळा वरचा भाग नवा बसवावा लागतो. डिकी उघडा, आतलं अस्तर उचला आणि टॉर्च तिरपा धरून तोंडाच्या कडा आतल्या बाजूने बघा. कारखान्यातले जोड स्पॉट वेल्डिंगचे असतात: ठरावीक अंतरावर वाटाण्याएवढे गोल खळगे, एका ओळीत. नंतरच्या कामात सलग ओघळलेली वेल्डिंगची रेघ दिसते किंवा ती लपवायला काळं अंडरकोट फासलेलं असतं. मकरपुऱ्याच्या एका शेडमधले जुने वेल्डरकाका मला म्हणाले होते, "भाऊ, वरून पॉलिश करणारे शंभर भेटतील, आतून घासायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो." मी तेव्हापासून कुठलीही उघडी गाडी आतून बघायला सुरुवात करतो.

गिअरही बघून घ्या. सहा सिलिंडरच्या ई-टाइपमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्स फक्त टू प्लस टूला मिळत होता. त्यामुळे सहा सिलिंडरची, दोन आसनी, उघडी आणि वर ऑटोमॅटिक अशी गाडी समोर आली तर लगेच टेप काढा.

एमजीबी जीटीचा माग काढणं तुलनेनं सोपं. मागे वर उघडणारं दार, घडीची मागची सीट, बाजूला तिसरी काच. आठ सिलिंडरची ३५२८ सीसी एमजीबी १९७३ ते १९७६ मध्ये कारखान्यातून निघाली ती फक्त जीटी म्हणून. त्या काळातली आठ सिलिंडरची रोडस्टर कुणी दाखवली तर ते इंजिन नंतर बसवलेलं आहे. गाडी चालवायला छान असेल, पण कारखान्याची म्हणून जास्त पैसे मोजू नका.

पाचवी पायरी: खालचा पत्रा आणि दाराच्या फटी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ई-टाइप आणि एमजीबी या दोन्ही गाड्यांत वेगळी चासी नाही. बॉडीचा पत्राच वजन पेलतो. ई-टाइपला पुढे नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली आहे, बाकी सगळं पत्र्याचं खोकं. बंद गाडीत छप्परही थोडं वजन उचलतं. छप्पर गेलं की तो सगळा ताण दारांखालच्या पेटीसारख्या पट्ट्यांवर, म्हणजे सिलवर, आणि फरशीवर येतो. कारखाना उघडी गाडी बनवताना याचा हिशोब करतो. घाईने कापणारा करत नाही.

तपासणी अशी. गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर, दारं बंद. लग्नपत्रिकेचा कागद घड्या घालून दाराच्या मागच्या फटीत जेमतेम शिरेल एवढा जाड करा. आता तोच कागद वरपासून खालपर्यंत सरकवा. वर अडकतो आणि खाली सैल होतो? मग गाडी मधे खचली आहे. दोन्ही दारं तपासा. नंतर मालकाच्या परवानगीने, गाडीच्या ठरलेल्या जागीच जॅक लावून एक बाजू थोडी उचला, दार अजून बंदच. कागद पुन्हा फिरवा. निरोगी गाडीत फट जवळपास तशीच राहते. फट डोळ्यांना दिसेल इतकी हलली तर सिलमध्ये दम नाही. मगच दार हळूच उघडून पुन्हा लागतं का बघा. ही शेवटची पायरी आधी करू नका. कमजोर गाडीचं दार जॅकवर उघडलं की कधी कधी परत बसतच नाही आणि मालकाशी वाद होतो.

सिल ठोकून बघा. रिकामा, एकसारखा आवाज चांगला. मधेच बद्द आवाज आला की तिथे पुट्टी किंवा पत्र्यावर पत्रा. लोहचुंबक जिथे सैल पडतं त्या जागा वहीत गाडीची आकृती काढून तिच्यावर मांडा. एक सावधगिरी: त्या काळी कारखान्यातही मडगार्ड आणि छपराचे जोड शिशाने भरून तासत असत, त्यामुळे जोडावर अर्ध्या बोटाच्या पट्टीत चुंबक थोडं सैल पडणं साहजिक आहे. सरळ पट्टी कारखान्याची, वेडावाकडा डाग नंतरचा.

बडोद्यात आणखी एक तपासणी गरजेची. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. पुराचं पाणी उतरतं, पण सिलच्या पोकळीतला बारीक गाळ तिथेच बसतो, पावसाळ्यात ओल धरतो आणि पत्रा आतून खातो. सिलच्या खाली पाणी जायला भोकं असतात. त्यांत बारीक तार घालून फिरवा आणि बाहेर काय येतं ते पांढऱ्या कागदावर घ्या. भुरा, पीठासारखा गाळ आला तर गाडी कुठल्या पाण्यात होती हे मालकाला सरळ विचारा. उघड्या गाडीसाठी याचं महत्त्व दुप्पट आहे, कारण तिचा सगळा जीव सिलमध्येच असतो.

सहावी पायरी: नंबर

इथवर पत्रा काय सांगतो ते कळलं. आता नंबराशी ताडून बघायचं.

ई-टाइपच्या उजव्या स्टिअरिंगच्या ३.८ लिटर गाड्यांत ओपन टू सीटरचे चासी नंबर ८५०००१ पासून आणि कूपेचे ८६०००१ पासून सुरू होतात. डाव्या स्टिअरिंगच्या अनुक्रमे ८७५००१ आणि ८८५००१ पासून. ४.२ लिटर पहिल्या मालिकेत उजव्या स्टिअरिंगची ओपन १ई१००१ पासून, कूपे १ई२०००१ पासून, टू प्लस टू १ई५०००१ पासून. दुसऱ्या मालिकेचे नंबर १आरने आणि तिसऱ्या मालिकेचे १एसने सुरू होतात. नंबराशेवटी बीडब्ल्यू असेल तर ऑटोमॅटिक. एक्सके १२० मध्ये उजव्या स्टिअरिंगची ओपन ६६०००१ पासून, ड्रॉपहेड ६६७००१ पासून, कूपे ६६९००१ पासून. एमजीबीत अक्षरंच पुरेशी आहेत: जीएचएन म्हणजे रोडस्टर, जीएचडी म्हणजे जीटी.

पण नंबर बघून निर्धास्त होऊ नका, विशेषतः ई-टाइपमध्ये. तिचा चासी नंबर पुढच्या चौकटीवर ठोकलेला असतो, आणि ती चौकट बोल्ट सोडले की निघते. ओपनच्या नंबराची चौकट कापलेल्या कूपेला जोडली तर कागदोपत्री सगळं गुळगुळीत. म्हणूनच आधी पत्रा आणि नंतर नंबर. दोघांची साक्ष जुळली तर पुढे जायचं, जुळली नाही तर पत्र्याचं खरं मानायचं.

तिसरा साक्षीदार परदेशात आहे. जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट चासी नंबरावरून प्रमाणपत्र देतो. त्यात गाडी मुळात कुठल्या प्रकारची, कुठल्या रंगाची, कुठल्या इंजिन नंबराची होती आणि कुठे पाठवली हे असतं. एमजीच्या नोंदी गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे मिळतात, मर्सिडीजच्या जुन्या गाड्यांचं डेटा कार्ड कंपनीचा क्लासिक विभाग देतो. फी भरावी लागते आणि वाट बघावी लागते, पण बयाणा देण्याआधी हे मागवा.

सातवी पायरी: आरसी बुक आणि व्हीए मालिका

जुन्या आरसी बुकातला बॉडीचा रकाना पुरावा म्हणून कमकुवत. तो कारकुनाने समोर जे दिसलं त्यावरून भरलेला असू शकतो. वाचा, फोटो काढा, पण त्यावर निर्णय सोडू नका.

२०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली आणि मोठे फेरबदल न झालेली असेल तर तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. मोठ्या फेरबदलांत चासी, बॉडी शेल आणि इंजिन यांतले बदल स्पष्टपणे धरलेले आहेत. कूपे कापून रोडस्टर करणं म्हणजे बॉडी शेलमधला बदल, दुसरं काय? बॉडी प्रकाराचा खटाटोप त्यामुळे निव्वळ शौकिनांचा राहिलेला नाही.

नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर फेरनोंदणीला ५,००० रुपये. अर्ज फॉर्म २० वर, विमा आणि जुनं आरसी बुक किंवा आयात गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे कस्टमकडचा आयातीचा कागद, जोडून. नव्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं, म्हणजे आपल्याकडे जीजे व्हीए. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. ही गाडी रोज मंगळ बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. शेवटची एमजीबी १९८० ची, म्हणजे त्या वर्षी नोंदलेली गाडी २०३० च्या आधी या नियमात बसत नाही.

आता छप्पर

हूड आहे तर ते उघडून पूर्ण घडी करून बघा. सांगाड्याचे बिजागरे मूळ भोकांत बसलेत की नव्या पाडलेल्या, हे स्क्रूच्या आजूबाजूला रंग कसा आहे त्यावरून कळतं. कापड कितीही नवं असू दे, त्याची पर्वा नाही. कापड बदलायचंच असतं.

हार्डटॉप दिसलं म्हणून गाडीला कूपे म्हणू नका. ई-टाइपच्या उघड्या गाडीला फायबरचं हार्डटॉप मिळत होतं. मर्सिडीजच्या १९६३ च्या २३० एसएलला, जिला मधे खोलगट छपरामुळे पॅगोडा नाव पडलं, ते छप्पर काढता येतं. काही गाड्या कापडी हुडाशिवाय नुसत्या हार्डटॉपवर विकल्या गेल्या आणि त्यांना कूपे म्हणत. त्यामुळे मालक "आमची कूपे आहे" म्हणाला तर तो खोटं बोलतोय असं समजू नका, मागचं झाकण उचलून हुडाची जागा बघा.

फेरारीची ३६५ डेटोना हा या विषयातला सगळ्यात महाग धडा. कारखान्यातून उघड्या निघाल्या सुमारे १२०, बंद सुमारे १३००, आणि नंतर बंद गाड्या कापून उघड्या करणाऱ्यांची रांग लागली. त्यातली काही कामं नामांकित कारागिरांची आणि उत्तम आहेत. तरीही ती कापलेली गाडी, आणि तसं सांगूनच विकली गेली पाहिजे. माझं मत याबाबत ठाम आहे: कापलेली गाडी घेण्यात कमीपणा नाही, ती चालवायला तेवढीच सुंदर, पण "कन्व्हर्जन" हा शब्द पावतीवर लिहून घ्या आणि किंमत त्यानुसार ठरवा. उलट दिशेनं, न कापलेलं कूपे हाताशी असेल तर ते कापायचा विचार मनातही आणू नका. १९६० च्या दशकातली अस्सल बंद ई-टाइप दरवर्षी कमीच होत जाणार, आणि तिची पाठीमागची उतरती रेघ उघड्या गाडीला नाही.

घरी आल्यावर त्याच दिवशी वही नीट उतरवून काढा: दोन्ही बाजूंचा व्हीलबेस, काचेची उंची, दांडी आहे की नाही, फटींचे आकडे, चुंबकाची आकृती, ठोकलेल्या नंबराचा फोटो आणि त्यावर पेन्सिल घासून काढलेला कागदी ठसा. दोन प्रती करा, एक फाइलला आणि एक हेरिटेज प्रमाणपत्राच्या अर्जाबरोबर. आरटीओत तपासणीला जाताना हीच फाइल वर ठेवा, आणि गाडी खालून आधी धुऊन न्या. सिल आणि फरशी स्वच्छ असली की तपासणाऱ्याला जे बघायचंय ते लगेच दिसतं.